हाड पिकतंय, असं मामा म्हणाले

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीपर्यंत बाईंनी जेवढं गिरवून घेतलं तेवढ्यावरच आजवर निभावलं. दुधाचा हिशेब मांडायला आणि चर्चमधलं गीतांचं पुस्तक वाचायला तेवढं पुरतं. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलंच तर त्याने माझ्या चुका पोटात घालाव्यात. बोलून सांगण्यासारखं असतं तर बोलले असते. पण चार माणसं जमली की माझा घसा आतून बंद होतो, तो लहानपणापासून. पळायला लागले तेव्हा लोकांना वाटायचं मी गर्विष्ठ आहे. गर्व कसला, मला नुसतं आपलं नाव सांगायचं म्हटलं तरी घाम फुटायचा.

आमचं घर गासला, वाडीतच. आमच्याकडे पहाट कोंबड्याने होत नसे, विहिरीवरच्या इंजिनाने होत असे. बाबा अंधारात जाऊन हँडल मारायचे, इंजिन दोनदा खोकायचं आणि मग भक् भक् करत सुरू व्हायचं. त्या आवाजावर आय उठायची, चूल पेटवायची आणि मला पायाने ढोसायची. मग आम्ही दोघी मोगऱ्याच्या ताटव्यात. कळी बोटाने चेपायची नाही, नखाने हळूच खुडायची, ओल्या फडक्यात टाकायची. ऊन चढलं की कळ्या मऊ पडतात आणि भावही पडतो. म्हणून टोपली भरली की मी ती डोक्यावर घेऊन जी निघायची ती थेट रुळांपलीकडे तुळिंजला, तिथल्या फुलवालीकडे. आधी चालत जायची, मग भरभर, मग कधी पळायला लागले ते मलाच कळलं नाही. टोपली हलू द्यायची नाही म्हणून मान ताठ, खांदे शांत, नुसते पाय चालायचे. पुढे लोक म्हणायचे, ही मुलगी पळताना मान हलवत नाही, कोणी शिकवलं? टोपलीने शिकवलं. घरी परत आलं की तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आय भाकरी दुमडून माझ्या हातात द्यायची नि म्हणायची, "बस जरा. तुला पाहून मलाच दम लागतो."

पास्कूमामा आयचे मावसभाऊ. राहायला जवळच, पापडीला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच मला हातावर घेतलं होतं, म्हणजे माझे धर्मबाप. तरुणपणी ते स्वतः पळायचे, त्याच जोरावर त्यांना मुंबईत मोठ्या ऑफिसात नोकरी लागली होती. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसत. आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सणाला मुलींच्या शर्यती होत्या, आणि मी नको नको म्हणत असताना शेजारणींनी मला ढकलून रेषेवर उभं केलं. अनवाणी पळले. मागे वळून पाहिलं तर मागे कोणीच नव्हतं, मला वाटलं मी चुकून आधी निघाले, म्हणून लाजून परत रेषेकडे यायला लागले. सगळे पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. संध्याकाळी घरी आले आणि बाबांना म्हणाले, "भावोजी, ही पोरगी मला द्या."

बाबा विडी विझवत म्हणाले, "घेऊन जा. पन सकाळच्या कळ्या कोन खुडनार, तू?"

"कळ्या खुडून झाल्यावर येऊ दे. मला तिचं उरलेलं पण चालेल."

"उरलेलं काय ऱ्हातंय," आय म्हणाली, "रात्री जेवताना झोपते ती."

पण मामांचा शब्द आमच्या घरात मोडायची पद्धत नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून ओहोटीच्या वेळा पाहून मी भुईगावच्या किनाऱ्यावर जायला लागले. तिथे सुनंदा भेटली, तीही मामांकडेच पळायला शिकत होती. ती तुळिंजची, कोकणातल्या नोकरदार माणसांची, बारावीला होती आणि तोंडाची फार जोरात. मला म्हणाली, "ए, तू बोलत नाहीस का? ठीक आहे, मी दोघींचं बोलते." आणि खरंच बोलायची. पळतानासुद्धा.

मामा आम्हाला आधी ओल्या, घट्ट वाळूत पळवायचे आणि दमलो की मग कोरड्या वाळूत. कोरड्या वाळूत पाय रुततो, पोटऱ्या पेटतात, तोंडात लोखंडाची चव येते. सुनंदा तिथे बसून घ्यायची. "सर, मेले मी. घरी कळवा." मामा तिला शिव्या देत आणि मला काही म्हणत नसत. मी थांबत नसे. एकदा शिंपला तळव्यात घुसला तरी थांबले नाही, मागे वळल्यावर माझ्याच पावलांच्या ठशांत रक्त दिसलं. त्या दिवशी मामा माझ्या जवळ आले आणि म्हणाले, "रेजू, लाखात एखादीला असतं हे. बाकीच्यांना दुखलं की त्या थांबतात. तुला दुखलं की तू ऐकून घेतेस आणि पुढे जातेस. दुखणं म्हणजे दार वाजवणारा माणूस. वाजवू दे. उघडायचं नाही." मला आयुष्यात असं कोणी काही म्हटलं नव्हतं. मी न बोलणारी, न शिकलेली, आणि माझ्यात लाखात एखादीला असतं ते आहे! ते शब्द मी टोपलीतल्या कळ्यांसारखे ओल्या फडक्यात जपले.

दुखणं सोसायची माझी एक रीत होती, ती मी मामांनाच सांगितली होती, दुसऱ्या कोणाला नाही. आयने लहानपणी शिकवलं होतं की आपलं दुखणं शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाच्या वाटेवर, अडकलेल्या एखाद्या मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी अर्पण केलं तर त्याची सुटका लवकर होते. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. मी एकेक फेरी एकेका मेलेल्या माणसाला देत असे. पहिली आजोबांना, मग विहिरीत गेलेल्या शेजारच्या बाळाला, मग चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला. घरचे संपले की गल्लीतले, गल्लीतले संपले की गावातले. शेवटच्या फेऱ्यांना मेलेली माणसं पुरत नसत, तेव्हा जिवंतांना घेत असे. शेवटची फेरी नेहमी पास्कूमामांची. हे ऐकून मामा म्हणाले होते, "म्हणजे मी मेलो तरी माझी सोय झालेली आहे," आणि खूप हसले होते.

मी जिल्ह्यात पहिली आले, मग राज्यात. फोटो काढायची वेळ आली की सुनंदाच्या पाठीमागे लपायची आणि ती मला दंडाला धरून पुढे ओढायची. वर्तमानपत्रात बातमी आली ती बाबांनी घडी करून खिशात ठेवली आणि घामाने फाटेपर्यंत लोकांना दाखवली. पुढची मोठी शर्यत निवडीची होती. तिच्यात पहिल्या दोघींत आलं की देशाच्या स्पर्धेत राज्याकडून पळायचं, आणि ज्याने शिकवलेली मुलगी पहिली येईल त्या शिक्षकाला संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून पाठवायचं, असं ठरलं होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी संघाच्या निळ्या कोटाचं माप आधीच दिलंय, असं सुनंदा चिडवायची. मामा लाजायचे. मलाही वाटायचं, मिळू दे त्यांना तो कोट. मला दुसरं काय देता येणार होतं?

माझी डावी नडगी दुखायला लागली ती ईस्टरआधीच्या चाळीस उपासाच्या दिवसांत, ते सुरू होतात त्या राखेच्या बुधवारानंतर. आधी नुसतं पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, मग टोपली घेऊन चालताना. अंगठ्याने दाबली तर एकाच जागी, नाण्याएवढ्या जागेत, जीव जायचा. मी लपवलं नाही. मामांना सांगितलं. ते मला स्कूटरवर बसवून वसईला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हाडाचा एक्स-रे फोटो काढला. मग मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगून मामा आत गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं, आत इंग्रजीत बोलणं चाललं होतं. डॉक्टरांचा आवाज चढला, मामांचा उतरला. मी समोरच्या भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र बघत बसले होते.

मामा बाहेर आले तेव्हा हसत होते. म्हणाले, "काही नाही गं. हाड पिकतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, वाडीतली पोरगी ना तू? केळं पिकताना बदलत नाही का? एवढं पळणारीचं हाड आधी कच्चं असतं, मग पिकून घट्ट होतं. पिकताना दुखणारच. मोठ्या मोठ्या खेळाडूंना झालंय. थोडी कळ काढ, शर्यत झाली की आराम."

आज हे लिहिताना मला माझंच हसू येतं. पिकलेलं केळं घट्ट होत नाही, मऊ होतं, हे माझ्यापेक्षा कोणाला चांगलं ठाऊक होतं? पण सांगणारे मामा होते. परत येताना पापडीच्या चर्चपाशी त्यांनी स्कूटर थांबवली आणि हळू आवाजात म्हणाले, "रेजू, उपासाचे दिवस आहेत. ही कळ येशूला दे. आणि घरी बोलू नकोस. अर्पण केलेलं बोलून दाखवलं की त्याचं काही उरत नाही, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. आमच्याकडे तशीच पद्धत. उपासात ज्याने त्याने काहीतरी सोडायचं किंवा काहीतरी अंगावर घ्यायचं. बाबा ताडी सोडत. आय पेजेत मीठ घालत नसे. कोणी गुडघे फुटेपर्यंत क्रुसाची वाट करी. आणि कोणी काय धरलंय हे घरातल्या माणसानेसुद्धा विचारायचं नाही. त्यामुळे मी लंगडत विहिरीवर जायची, लंगडत यायची, आणि घरात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आयचे डोळे माझ्या पायावर असायचे. एकदा मी चुलीपाशी बसताना तोंडातून आवाज निघाला, तेव्हा तिचा हात भाकरीवर थांबला. मला वाटलं आता विचारेल. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "पानी तापलंय. पाय शेकाचा तर शेक." एवढंच.

शर्यत दुसऱ्या शहरात होती. बाबा आणि आय आले नाहीत, वाडीत मोगरा भरात होता. सकाळी मामांनी स्वतःच्या हाताने माझ्या पायाला पट्टी आवळून बांधली. त्यांची बोटं त्या नाण्याएवढ्या जागेवर आली तेव्हा ती जागा चुकवून पुढे गेली. ती का चुकवली ते मला तेव्हा समजलं नाही.

पहिल्या दहा फेऱ्या मी माझ्या मेलेल्या माणसांबरोबर छान पळाले. प्रत्येक पावलाला आतून कोणी तापलेली सळई ओढत होतं, पण मी मान हलू दिली नाही. सुनंदा बरोबर होती, तोंड गप्प ठेवून, म्हणजे तिलाही जड जात होतं. पंधरा फेऱ्यांनंतर आम्ही दोघीच पुढे उरलो. मग मी तिला मागे टाकलं. त्या वेळी दुखण्याची एक वेगळीच जागा येते, तिथे दुखणारा पाय आपला वाटत नाही, लांब कोणी दुसरी बाई रडत असावी तसं वाटतं. तिथे पोहोचायला मला आवडायचं हे मी कबूल करते. लोक माझं नाव ओरडत होते आणि मला लाज वाटत नव्हती. आयुष्यात तेवढाच वेळ.

दोन फेऱ्या उरल्या तेव्हा आवाज झाला. केळीच्या घडाला लावलेला ओला टेकू मोडावा तसा. मी तोंडावर पडले, हात खरचटले. उठायला गेले तर पाऊल भलतीकडे वळलेलं. आणि कठड्यापलीकडून मामा ओरडत होते, "ऊठ रेजू! दोनच राहिल्या! ऊठ!" मी उठले. खरंच उठले. त्यांच्या आवाजावर मी उजव्या पायाने दोन उड्या मारल्या आणि डावा टेकवला. पुढचं मला आठवत नाही. मैदानावरच्या एका अनोळखी माणसाचा आवाज तेवढा आठवतो, "अहो, पाय बघा तिचा! ओरडताय काय?" सुनंदा पहिली आली. तिने नंतर मला सांगितलं की रेषेवर पोहोचून ती रडली, जिंकल्याबद्दल नाही.

मला वसईला आणलं, त्याच डॉक्टरांकडे. तोवर आय-बाबा आले होते. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरला आणि माझ्याकडे वळून एकदम रागावले. "अगं बाई, पहिल्याच वेळी सांगितलं होतं ना, हाडाला चीर गेलीय? पळणं सोड, चालायचं पण काठी घेऊन! शिकलेली नाहीस म्हणून सांगितलेलंसुद्धा कळत नाही का?"

मी मामांकडे बघितलं. ते माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मला वाटलं ते आता बोलतील. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्या पोरी ऐकतात का कोणाचं? मी सांगून सांगून थकलो."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. आय माझे केस मागे सारत रडत म्हणाली, "मामाचं ऐकाचं व्हतं गं बाय." आणि मी, जिने पाय मोडल्यावर हूं की चूं केलं नव्हतं, ती उशीत तोंड खुपसून हंबरले. सगळ्यांना वाटलं पाय दुखतोय.

पायात सळई घालावी लागली. पैसे मामांनी भरले, ऑफिसातून उचल घेऊन, बाबांना एक शब्द न विचारता. गावभर झालं. धर्मबाप असावा तर असा. सख्खा बाप करणार नाही एवढं केलं. मला बघायला येणारी प्रत्येक बाई हेच म्हणे आणि मी छताकडे बघत असे. सुनंदा संघात गेली, तीही मामांनीच शिकवलेली, म्हणून मामाही गेले. परत आल्यावरच्या रविवारी ते निळा कोट घालून पहिल्या बाकावर बसले होते. मी कुबड्यांवर शेवटच्या बाकाशी.

आता दर थंडीत आमच्या रस्त्यावरून मोठी शर्यत जाते. रंगीत बूट घातलेली माणसं, हातात घड्याळं. मी फाटकाशी उभी राहून बघते. कोणी पाय धरून बसलं की मी जवळ जाते आणि माझ्यासारखी बाई अनोळखी माणसाला म्हणते, "थांबा. उठू नका." तेवढं मला बोलता येतं.

कुबड्या सुटल्यावर मी आयला सगळं सांगितलं, हार गुंफता गुंफता, तिच्याकडे न बघता. तिची सुई थांबली. मग म्हणाली, "मी रोज तुझा पाय बघत व्हते. वाटलं, तू उपासात काय धरलंयस. कशी विचारनार?" मला वाटलं आता ती उठेल, पदर खोचेल आणि पापडीला जाईल. पण तिने दोरा दाताने तोडला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पन कोनाला बोलू नको. त्याच्या पैशानं उभी हाएस तू. ज्याचं घेतलं त्याच्यावर बोलाचं नाय."

तिने मला खोटं ठरवलं नाही. तिला पटलं होतं, आणि तरी ती असं म्हणाली. मामांनी केलं त्याच्यापेक्षा हे मला जास्त लागलं. त्या रात्री ठरवलं की आपण त्यांचं घेतलेलं ठेवायचं नाही.

पळणं गेलं होतं, खुडणं राहिलं होतं. मी लग्नाच्या वेण्या करायला लागले, चर्चच्या सणांचे हार, मयतावर घालायच्या फुलांच्या चादरी. जवळ जरा साठलं की लंगडत पापडीला जायची आणि मामांच्या टेबलावर ठेवायची. "अगं, मी काय सावकार आहे? लेकीकडून घेतात का कोणी?" असं म्हणायचे आणि घ्यायचे. दर वेळी नको म्हणायचे, दर वेळी घ्यायचे. बाबा गेले, माझं लग्न झालं, नवऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझं एक देणं आहे. त्याने कशाचं ते विचारलं नाही, फक्त शेवटच्या वर्षी दिवाळीचा बोनस मिळाल्यावर त्यातले काही पैसे माझ्या हातात ठेवले.

शेवटचे पैसे द्यायला गेले तेव्हा मामा पडवीत खुर्चीवर बसले होते. निवृत्त झाले होते, केस पिकले होते. रोझीमामी शेजारी भाजी निवडत होती. ती भली बाई. माझ्या आजारपणात तिने मला डबे पोहोचवले होते आणि मामांच्या चांगुलपणाबद्दल तिच्याइतका अभिमान कोणालाच नव्हता.

"हे शेवटचे," मी म्हणाले. "मोजून घ्या."

"मोजायचे काय त्यात? ठेव."

"नाही मामा. मोजा."

माझा आवाज ऐकून मामीने मान वर केली. मामांनी नोटा उचलल्या, अंगठ्याला थुंकी लावली आणि मोजायला लागले. मधे चुकले, परत पहिल्यापासून मोजल्या. मी उभीच होते. पाय ठणकत होता.

"बरोबर आहेत," ते म्हणाले. "फिटलं सगळं. आता काही राहिलं नाही तुझ्याकडे."

"नक्की?"

"नक्की गं."

मग मी मामीसमोर बसले, तिच्या हातातली भाजीची जुडी काढून खाली ठेवली आणि पहिल्या वेळी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिला सांगितलं.